आठवड्यातून दोनदा शटर लवकर पाडा



कॅश फ्लोची बॅच संपली की एक तरी जण मागे थांबतो. त्याची वही बरोबर असते, मार्जिनही ठीक असतं. पण रोज रात्री गल्ल्यातल्या काही नोटा कमी होतात आणि सकाळी नऊचं दुकान अकराला उघडतं. कारण त्याला माहीत असतं, मलाही कळतं. मग हळूच विचारतो, "सर, सोडायचीच आहे. पण मीटिंगला गेलो अन् मार्केटमध्ये कळलं तर?"

अरे भाऊ, मार्केटला कधीच कळलंय! इतवारीतला होलसेलवाला तुमच्या तोंडाचा वासही ओळखतो आणि तुमचा चेक कधी वटेल तेही. तुम्ही त्यावर काही करताय का, एवढंच त्याला माहीत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मीटिंगची वेळ ही दुकानाचीच वेळ समजा. जीएसटीची तारीख पाळता ना, तशी पाळा.

नोकरीवाल्याला साहेब असतो, हजेरी असते, कोणीतरी टोकतं. आपल्याला कोण टोकणार? आपण मालक. रोज संध्याकाळी हातात रोकड, आणि ऑर्डर फायनल झाली की "चल, बसू". त्यात आमच्या ट्रेनिंगच्या धंद्यात 'एकट्याच्या जिद्दीवर सगळं जमतं' हे वाक्य फार विकलं जातं. सेलचं टार्गेट जिद्दीने गाठता येईल. दारूचं व्यसन हा आजार आहे, तिथे जिद्द एकटी पुरत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एका धंदेवाल्याचंच आहे. 1935 चा मे महिना. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला बिल विल्सन एका कंपनीच्या व्यवहारासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन शहरात गेला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. व्यवहार फिसकटला, खिसा रिकामा. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि आपल्यासारखाच दारूशी झगडणारा कोणी भेटेल का, म्हणून फोन लावत राहिला. त्यातून भेटले डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. 10 जून 1935 ला डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एए चा, स्थापना दिवस मानतात. भारतात एए 1957 मध्ये आलं. बिलला त्या संध्याकाळी सल्ला नको होता, सोबतीला दुसरा बेवडा हवा होता. (शब्द कडक आहे, पण मीटिंगमध्ये लोक स्वतःबद्दल याहून कडक बोलतात.)

मीटिंगमध्ये होतं काय? तास-दीड तास लोक आपापला अनुभव सांगतात. फी नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणी जमा होते, तीही फक्त सदस्यांची. बाहेरची देणगी घेत नाहीत. आडनाव कोणी विचारत नाही. अट एकच: दारू सोडायची इच्छा. पहिल्या दिवशी गप्प बसलात तरी चालतं. फक्त तिथे व्हिजिटिंग कार्ड वाटू नका! बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो, पण 'तुम्हाला उमगेल तसा' देव. खोली चर्चची असली तरी धर्माशी संबंध नाही. आणि हे नुसतं श्रद्धेवर चाललेलं नाही. 2020 मध्ये कोक्रेन संस्थेने 27 अभ्यास एकत्र तपासले. माणसाला पद्धतशीरपणे एए शी जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्यात इतर उपचारांपेक्षा सरस ठरले.

आता एक गोष्ट नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, आपल्याकडे मेडिकलची मानसोपचार ओपीडी आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 मोफत आहे. आपल्या भागातला गट कुठे भरतो, हे ओपीडीत विचारा किंवा एए च्या वेबसाइटवर बघा. भरती व्हायची गरज असेल तर पुण्याचं मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. पण तिथले 35 दिवस संपले की तुम्ही परत त्याच गल्ल्यावर, त्याच मित्रांत येणार. गट लागतो तो तेव्हा. मुक्तांगणही पाठपुराव्याच्या बैठका घेतं ते यासाठीच.

हे वाचणाऱ्या ताईंसाठी: नवरा यायला तयार नसेल तरी घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात. तो सुधारेपर्यंत थांबू नका, तुम्ही जा.

आता हिशोब. आठवड्यात दोन मीटिंग, जाण्या-येण्यासकट पाच तास. दुकान साठ-सत्तर तास उघडं असतं. त्या पाच तासांत गल्ल्यावर कोण बसेल ते आजच ठरवा. भाऊ, बायको, जुना पोऱ्या, नाहीतर सरळ शटर पाडा. नेहमीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतं. पार्टीला "सात नंतर भेटत नाही" एवढंच सांगा, कारण द्यायची गरज नाही.

पहिला गट जमला नाही तर दुसरा बघा. घराजवळ भीती वाटत असेल तर शहराच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथे ओळखीचा माणूस दिसलाच, तर तोही त्याच कामासाठी आलाय.