मोहरीची रानटी बहीण

फोडणीत तडतडणारी मोहरी कोणाला ठाऊक नाही? मुळा, कोबी, फ्लॉवर ही तिचीच भावंडे. याच कुळात रानात वाढणारी, वीत-दीड वीत उंचीची एक वनस्पती आहे. अरॅबिडॉप्सिस तिचे नाव. ती ना भाजीची, ना तेलाची. तिची चिमुकली पांढरी फुले कोणी देवालाही वाहत नाही. तरीही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे तिथल्या लोकांच्या 'टाटा इन्स्टिट्यूट'मध्ये, ती निगुतीने वाढवली जाते.

असे काय आहे तिच्यात? बी पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत नवे बी हाती येते. एकेका रोपाला हजारो बिया धरतात. गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या 5. म्हणूनच 2000 साली सर्व वनस्पतींत पहिल्यांदा हिचीच संपूर्ण जनुकीय लिपी वाचली गेली.

तिच्यात 'लीफी' नावाचे एक जनुक आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 1992 मध्ये त्याची ओळख पटवली. हे जनुक बिघडले, की जिथे फुले यायची तिथे पानांच्या डहाळ्या फुटतात. म्हणजे 'आता फूल हो' असा हुकूम हे जनुक देते.

मग आपल्या भातात काय होते? भातातही या जनुकाचे भावंड आहे. बंगळूरच्या या संस्थेतील प्राध्यापिका उषा विजयराघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातातील हे जनुक दाबून पाहिले. त्यांचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. भात फार उशिरा निसवला, फुटवे कमी आले आणि लोंबीला फांद्याही कमी फुटल्या. रानटी रोपात फूल घडवणारे जनुक भातात निसवण्याची वेळ आणि रोपाची ठेवणही सांभाळत होते!

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. लोंबीला फांद्या किती, यावर दाण्यांची संख्या ठरते. निसवणे लांबले आणि तोवर पाऊस सरला, तर दाणे पोचट राहतात.

एक धडा मात्र लक्षात ठेवावा. रानटी बहिणीने वाट दाखवली, पण उत्तर भातालाच विचारावे लागले. सख्खी भावंडेही एकाच घरात निरनिराळी कामे करतात, तशी जनुकेही करतात. आणि ज्याला आपण निरुपयोगी तण म्हणतो, त्याच्याकडून आपल्या ताटातल्या भाताचे गुपित कळू शकते.