हात नसलेला बुद्ध

पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळला धुके आणि गारवा शोधत येणारे वाढले, की मुक्कामाच्या ठिकाणांची सजावटही वाढणार. लोणावळ्यापासून महाबळेश्वरपर्यंत या सजावटीत एक वस्तू ठरलेली दिसते: बुद्धाचे नुसते डोके. फायबरचे, सोनेरी मुलाम्याचे, कधी कारंज्यात भिजणारे. त्याने म्हणे शांत वाटते.

मान उडवलेली मूर्ती पाहून शांत वाटावे, हे चमत्कारिकच. ही टूम लुटीतून आली आहे. गांधारापासून कंबोडियापर्यंत कित्येक मूर्तींची डोकी तोडली गेली, कारण अख्खी मूर्ती हलवणे जिकिरीचे, तर डोके पेटीत मावते आणि चांगल्या किमतीला खपते. संग्रहालयांतून, दिवाणखान्यांतून ती पाहून लोकांची नजर सरावली. आता कारखाने ती मोडतोडच साच्यात ओततात.

मोखाड्यात कोणी म्हणेल, आमच्या बोहाड्यातला, म्हणजे सोंगांच्या उत्सवातला, मुखवटाही चेहराच की! खरे आहे. पण तो घडवलाच जातो चेहरा म्हणून. त्याला धड देतो, पाय देतो, संबळाच्या तालावर नाचवतो तो सोंग घेणारा माणूस. बुद्धाच्या डोक्याखाली असे कोणी उभे राहत नाही.

आणि बुद्धमूर्तीचे बोलणे तर हातांतच असते. उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकली की भूमिस्पर्श, म्हणजे बोधीचा क्षण. तळवा समोर उभारला की अभय. दोन्ही हात छातीशी आले की धम्माचा पहिला उपदेश. याच पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याचे उदाहरण घ्या. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला, तेव्हा पोटातल्या दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक निघाले आणि त्यांच्याभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती: सात मानुषी, म्हणजे होऊन गेलेले, बुद्ध आणि पुढे येणारा मैत्रेय. आज त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. त्या सात बुद्धांची नुसती डोकी उरली असती, तर कोण कोणता हे पंडितजींनाही सांगता आले नसते. त्या मूर्ती पेटीतल्या सातवाहन नाण्याहून कित्येक शतकांनी अलीकडच्या आहेत. म्हणजे कोणीतरी जुना स्तूप उघडून, त्या आत ठेवून, तो पुन्हा बंद केला होता. जपणूक म्हणतात ती ही.

आपल्याला तेवढे करावे लागत नाही. घरात कांस्याची जुनी मूर्ती असेल तर चिंच-लिंबाने घासून लखलखीत करू नये. आंबटाने धातूवरचा जुना थर जातो, त्याच्याबरोबर बारीक रेषाही झिजतात. मऊ, कोरडा ब्रश पुरतो. हिरवी भुकटी सुटू लागली तर दमट कोपऱ्यातून मूर्ती हलवावी आणि जाणकाराला दाखवावी. लाकडी मूर्तीला पाणी नको. सूर्यमाळच्या पावसाळ्यात तर बाहेरच्या भिंतीपासून ती चार बोटे दूरच बरी.

आता पुन्हा हॉटेलांतल्या त्या डोक्याकडे. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्थापली. तिच्यापुढे वंदना म्हणणाऱ्यांची नातवंडे आज पर्यटक म्हणून हॉटेलात उतरतात आणि जिन्याखाली ते डोके पाहतात. त्यांना काय वाटत असेल, हे मालकांनी एकदा विचारावे. दारात बुद्ध हवाच असेल तर जव्हार-मोखाड्यात लाकूड कोरणारे कारागीर आहेत. अख्खी, हातांसकट मूर्ती त्यांच्याकडून घडवून घ्यावी. फायबरच्या डोक्यापेक्षा महाग पडेल. पडू द्यावी.