‘लाइट आहे हं, वहिनी!’

मे महिना लागला की हूफडॉर्पमधल्या आपल्या मराठी घरांत सोंब्रेरो निघतात. 1 मेला महाराष्ट्र दिनाचं झुणका-भाकर, आणि ते पचतंय तोवर 5 मेला ‘मेक्सिकन नाइट’. बाहेर डच लोक 1945 सालची मुक्ती साजरी करत असतात आणि आत आपण 1862 सालच्या प्वेब्लाच्या लढाईसाठी टोप्या चढवून बसतो. लढाई कोणाशी झाली, हे यजमानांना विचारू नये. (फ्रेंचांशी. मेक्सिकन जिंकले.) खुद्द मेक्सिकोत प्वेब्लाबाहेर या दिवसाचं फारसं कौतुक नाही, गाजावाजा सगळा अमेरिकेतला.

टोप्यांचं सोडा, माझी तक्रार टेबलाबद्दल आहे. सुपरमार्केटातला ग्वाकामोलीचा डबा, साल्साची बरणी, वर किसलेलं चेडर. आणि तोंडाने ‘सगळं घरीच केलंय’. डबा घरी उघडला, एवढं खरं. हे करणारी माणसं कोण? तर पुण्याहून येताना बॅगेतले कपडे काढून खलबत्ता कोंबणारी! मेक्सिकोत दगडी खलात आधी कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ ठेचतात, मग त्यात अव्होकाडो चेचतात आणि लिंबू पिळतात. त्यात ना मेयॉनीज, ना क्रीम. जन्मभर ठेचा कुटलेल्या हातांना यात अवघड काय आहे? टोमॅटो, मिरच्या आणि सालासकट लसूण तव्यावर काळे पडेपर्यंत भाजा, लसूण सोलून सगळं जाडसर वाटा, मीठ घाला, झाला साल्सा. युकातानकडचं सिकिल पाक म्हणजे भोपळ्याच्या भाजलेल्या बिया आणि भाजलेला टोमॅटो एकत्र वाटलेले. आजीने हीच चटणी म्हणून वाढली असती तर कोणी भुवई उंचावली नसती. पण आपल्याला चव नको, लेबल हवं.

पेल्यांचंही तेच. पुरुषांच्या हातात बिअर, आणि बायकांपुढे मिठाची कड लावलेली मार्गारिटा: ‘लाइट आहे हं, वहिनी!’ काय लाइट? 50 मिली टकीला आणि 20 मिली ट्रिपल सेक, दोन्ही 40 टक्क्यांची धरा, म्हणजे पेल्यात 28 मिली शुद्ध अल्कोहोल. भावजींच्या 5 टक्क्यांच्या 330 मिली बिअरमध्ये साडेसोळा. आयटीतली ही माणसं ऑफिसात दिवसभर आकडेच बघतात. घरी मात्र छोटा पेला आणि गुलाबी रंग दिसला की हिशेब संपला.

खरंच हलकं हवं असेल तर 30 मिली टकीला, ग्रेपफ्रूटचा ताजा रस, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उंच ग्लास भरून सोडा. अल्कोहोल 12 मिली. रसाऐवजी चमचाभर कोकम आगळ घातलं तर मीठही घालायला नको, कारण आगळ खारटच असतं. सिरपची बाटली मात्र बाजूला ठेवा; साखरेने दारू हलकी होत नाही, फक्त कळेनाशी होते.

आणि वहिनींना काय हवंय, हे एकदा वहिनींनाच विचारा. मला बिअर चालते.