मापात पाप कोणाचे?

खेळातील लबाडीचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा दोन टोकांना जाऊन बसते. आरोपी आपला असेल तर तो कारस्थानाचा बळी. परका असेल तर तो जात्याच लबाड. कबड्डीच्या हंगामात महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील मैदानांवर पंचांच्या निर्णयावरून जे वाद होतात, तेही बहुधा याच वळणावर जातात. हा करमणुकीचा विषय म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने बाजूस ठेवावा काय? आमच्या मते ठेवू नये. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून मातीतला हा खेळ पगाराचाही धंदा झाला आहे. डोंगरातल्या वाडीवरील मुलाला त्यात पोटापाण्याची वाट दिसते. जेथे पोटाचा प्रश्न आला तेथे आरोप, चौकशी, शिक्षा आणि न्याय हे प्रश्न ओघाने आलेच. म्हणून लबाडी झाली काय, या प्रश्नाइतकाच तिचे माप कोणी घेतले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील एका प्रकरणावरून हे अधिक स्पष्ट होईल. तेथील फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून धावण्याचा व फेकण्याचा खेळ. १८ जानेवारी २०१५ रोजी न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या संघाने इंडियानापोलिस कोल्ट्सचा ४५-७ असा पराभव केला. विजयी संघाने पकड सोपी व्हावी म्हणून चेंडूतील हवा मुद्दाम कमी केली, असा आरोप झाला. नियमाप्रमाणे चेंडूत दर चौरस इंचास किमान साडेबारा पौंड दाब हवा. मध्यंतरात पॅट्रियट्सचे अकरा चेंडू मोजले, ते कमी भरले; कोल्ट्सचे मात्र चारच मोजले गेले. पंचांजवळ दाबमापके दोन होती आणि त्या दोहोंच्या मापांत फरक पडत होता. सामन्यापूर्वीचे दाब कोणी लिहूनच ठेवलेले नव्हते. थंडीने हवेचा दाब उतरतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते; लीगच्या तज्ज्ञांचे म्हणणे असे की, सारी घट थंडीने झालेली नाही. अखेर टॉम ब्रेडी या खेळाडूला चार सामन्यांची बंदी आणि संघाला दहा लाख डॉलरचा दंड झाला. पुढील हंगामात लीगने अधूनमधून चेंडू मोजले खरे, परंतु ते आकडे जगासमोर ठेवले नाहीत.

हवा काढली की नाही, याचा निवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. ब्रेडी यांनी शिक्षेविरुद्ध अपील केले, ते ऐकायला बसले स्वतः लीगचे आयुक्त रॉजर गुडेल, म्हणजे ज्यांच्या कार्यालयाने शिक्षा केली तेच! सप्टेंबर २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयाने बंदी रद्द केली. एप्रिल २०१६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने ती पुन्हा कायम केली. कारण काय? खेळाडूंच्या संघटनेने सामुदायिक करारात हा अधिकार आयुक्तांच्या हाती दिलेलाच होता. कारखान्यातील चौकशीचा अनुभव असलेल्या कामगाराला हे चित्र परके वाटणार नाही. आरोपपत्र व्यवस्थापनाचे, चौकशी अधिकारी व्यवस्थापनाने नेमलेला आणि बडतर्फीवर सहीही व्यवस्थापनाची. आपल्या देशात ही मनमानी थोपविण्यासाठी १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम घालावे लागले आणि शिक्षा तपासण्याचा अधिकार कामगार न्यायालयांना मिळाला. तो अधिकार चळवळीच्या रेट्याने मिळाला, मालकांच्या औदार्याने नव्हे.

आता आपल्या घरातील प्रकरण पाहू. नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील, तेव्हाच्या पोर्ट एलिझाबेथ येथील कसोटीत सचिन तेंडुलकर बोटाने चेंडूची शिवण साफ करताना दूरदर्शनच्या चित्रणात दिसले. मैदानावरील पंचांची तक्रार नव्हती. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्यांना सामन्याच्या मानधनाच्या ७५ टक्के दंड व एका सामन्याची स्थगित बंदी अशी शिक्षा केली. आणखी पाच भारतीय खेळाडूंवर इतर कारणांनी कारवाई झाली. पत्रकारांपुढे डेनेस मूक बसून राहिले. पुढे आंतरराष्ट्रीय परिषदेकडून खुलासा झाला की, तेंडुलकरांवरील ठपका चेंडूत फेरफार केल्याचा नसून पंचांच्या देखरेखीवाचून चेंडू पुसल्याचा होता. या दोन गोष्टींत चारित्र्याचे अंतर आहे. तो खुलासा पहिल्याच दिवशी का झाला नाही?

देशात संताप उसळला, संसदेतही आवाज उठला. गोऱ्यांना एक न्याय आणि आम्हांला दुसरा, ही तक्रार निराधार होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या संतापाचे आपण काय केले? लेखी आरोप, पुरावा, सुनावणी आणि स्वतंत्र अपील ही सर्व देशांच्या सर्व खेळाडूंसाठीची मागणी आपल्या तोंडून फारशी निघालीच नाही. आपण बाजारपेठेचे वजन काट्यावर टाकले. दोन्ही मंडळांनी मिळून पुढच्या सामन्यातून डेनेस यांना दूर केले आणि परिषदेने त्या सामन्याला कसोटीचा दर्जा नाकारला. आपला माणूस वाचविण्याची धडपड झाली, पण न्यायाची पद्धत होती तेथेच राहिली. ज्याच्यामागे बाजारपेठ नाही, अशा खेळाडूने काय करावे?

ज्या मंडळाने तेव्हा न्यायाचा कैवार घेतला, त्याचे स्वतःचे वर्तन २०१३ साली दिसले. आयपीएलमधील स्पॉट-फिक्सिंगच्या प्रकरणात खेळाडूंना अटक झाली, त्यांत मुंबईचा एक तरुण फिरकी गोलंदाजही होता. त्यांच्यावर मंडळाने तत्काळ बंदी घातली. परंतु मंडळाचे अध्यक्ष हे एका संघाची मालकी असलेल्या कंपनीचेही प्रमुख होते. मंडळाने नेमलेल्या समितीने वरच्यांना निर्दोष ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदा ठरविली. दोन संघ दोन वर्षांसाठी निलंबित व्हायला सर्वोच्च न्यायालयाला हात घालावा लागला. या सर्व काळात मंडळाचा बचाव एकच होता: आम्ही खाजगी संस्था आहोत.

हा बचाव महाडने फार पूर्वी ऐकलेला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला, आणि तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक चवदार तळ्यावर गेले, तेव्हा सनातन्यांनी न्यायालयात सांगितले की तळे खाजगी मालकीचे आहे. ते खोटे ठरायला मार्च १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. पाण्याचा मानवी हक्क आणि क्रिकेटची सत्ता यांची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु जे सर्वांचे आहे त्याला खाजगी म्हणायचे आणि जाब टाळायचा, ही युक्ती तीच आहे. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मंडळाचे कार्य सार्वजनिक स्वरूपाचे असून ते न्यायालयीन तपासणीस पात्र आहे. तरीही २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा होताना माहिती अधिकाराची कक्षा सरकारी मदत घेणाऱ्या संघटनांपुरती आखली गेली. सर्वांत श्रीमंत मंडळ त्यातून सुटते, हा योगायोग म्हणावा काय?

याचा अर्थ लबाडाला पाठीशी घालावे असा कोणी घेऊ नये. खोट्या जन्मदाखल्यावर खेळणारा मुलगा दुसऱ्या एका गरीब मुलाची जागा बळकावतो. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण दाखला बनवून देणारा कारभारी आणि बक्षिसाच्या रकमेवर संघ बांधणारा पुढारी व्यासपीठावर हार घालून घेत असेल, तर ती शिक्षा न्याय ठरत नाही.

आपल्या दोन तालुक्यांतील कितीतरी स्पर्धा आपल्याच कार्यकर्त्यांच्या हातून होतात. सुरुवात तेथूनच व्हावी. वजनी गटाचा काटा प्रमाणित असावा, वजने दोन्ही संघनायकांसमोर घ्यावीत आणि वहीत लिहून सह्या घ्याव्यात. तक्रार लेखी घ्यावी, आरोप असलेल्या खेळाडूचे म्हणणे ऐकावे. ती ऐकणाऱ्या पंचमंडळात देणगीदार किंवा त्याचा माणूस नसावा, मग तो आपल्या पक्षाचा का असेना. जमाखर्च मैदानावर फलकावर लावावा. यास मोठा खर्च लागत नाही, फक्त बड्यांना नाही म्हणण्याची तयारी लागते. बाजारात शेतकऱ्याचे भात मोजताना काटा कोणाच्या हातात आहे, हे आपण पाहतो. खेळाच्या मैदानावरही तेच पाहिले पाहिजे.