यंदा सुट्टीला झाडीपट्टीत चला!

दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघाला की घरोघरी तीच चार नावं पुढे येतात. गोवा, महाबळेश्वर, केरळ आणि खिशाला परवडत असेल तर थायलंड-दुबई. ठिकाण सगळे मिळून ठरवतात. पण बॅगा भरणं, औषधं आठवणीने घेणं, चिवड्या-लाडवांचे डबे बांधणं हे मात्र आपल्याच वाट्याला येतं. आणि एवढं करून तिथे पोचावं, तर दुप्पट भाडी, गाड्यांच्या रांगा आणि जेवायलाही नंबर! मैत्रिणींनो, एवढा खटाटोप करायचाच आहे, तर यंदा जरा दिशा बदलून पाहा. पूर्वेकडे चला.

नागपूरच्या पलीकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे आपल्याच राज्यातले चार जिल्हे आहेत. हीच झाडीपट्टी. इथली बोली झाडीबोली. पण मुंबई-पुण्यात ही नावं घेतली की ठरलेले प्रश्न येतात. ‘तिकडे पाहायला काय आहे?’ ‘तिकडे नक्षलवादी असतात ना?’ शिकायला, नोकरीला आपल्याकडे आलेल्या तिकडच्या मुलींना हे प्रश्न किती वेळा ऐकावे लागत असतील, याचा विचार केलाय कधी? आपल्या मुलांना बँकॉकचा बाजार माहीत असतो, पण वैनगंगा कुठून वाहते ते माहीत नसतं.

पाहायला काय आहे, ते सांगते. चंद्रपूर ही गोंडराजांची राजधानी. शहराभोवती आजही त्यांचा परकोट आहे आणि जटपुरा, पठाणपुरा अशा भव्य वेशी आहेत. बादशहाने बेगमेसाठी बांधलेला ताजमहाल आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. चंद्रपुरात उलटं आहे. इथे राणी हिराईने आपल्या पतीची, बीरशहाची देखणी समाधी बांधली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या बाईने दत्तक मुलाच्या वतीने राज्यही सांभाळलं. आपल्या लेकींना ही राणी दाखवायला नको का?

तिथून गडचिरोलीकडे वळलं की चामोर्शीजवळ मार्कंडा आहे. वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठावर कोरीव देवळांचा समूह उभा आहे. विदर्भाचं खजुराहो म्हणतात त्याला. भंडाऱ्याकडे पवनीला १९६९-७० साली उत्खनन झालं, तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. आणि तळी तर किती! कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली ही तळी आजही भाताला पाणी देतात. गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध त्यातलंच. मारुती चितमपल्ली यांच्या लिखाणातून ते आपल्या ओळखीचं झालं. हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात. सारस क्रौंच पाहायचा असेल, तर महाराष्ट्रात त्याचं हक्काचं घर म्हणजे गोंदिया जिल्हाच.

वाघ पाहायला ताडोबाला लोक जातात हे खरं. १९५५ साली झालेलं हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. पण बहुतेक जण रिसॉर्टमधून जीपमध्ये, जीपमधून रिसॉर्टमध्ये आणि तिथून थेट विमानतळावर! ताडोबात आता गावातल्या बायकाही गाईड म्हणून काम करतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलायलाही आपल्याला वेळ नसतो.

आता तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याचा विषय, साड्या! ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा होतो. त्याच्या टसर रेशमाची साडी आणि तिला करवतीच्या दात्यांसारखी सुती किनार, ही आपल्या विदर्भाची करवतकाठी. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे हातमागावर ती विणली जाते. शहरातल्या प्रदर्शनात घासाघीस करून घेण्यापेक्षा एकदा माग चालताना पाहा. एक किनार जुळवायला किती वेळ जातो ते कळलं, की भाव करायला जीभ वळत नाही.

संध्याकाळी काय करायचं? नाटक पाहायचं! दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं केंद्र. तंबूत रात्रभर नाटक चालतं आणि आयाबाया लेकरं मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत हलत नाहीत. इथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

भीतीचं म्हणाल, तर ती अगदीच खोटी नव्हती. या भागाने फार सोसलं आहे. पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एका बड्या माओवादी नेत्याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. दिवस बदलत आहेत. तरीही भामरागड-सिरोंचाकडे जायचं तर स्थानिक माणसांना विचारून, दिवसाउजेडी जावं. आणखी एक. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि त्यासाठी बायकांनी मोठा लढा दिला होता. तेव्हा सहलीत ‘बसायचा’ कार्यक्रम नाही. आपल्याला तर बरंच!

मे महिन्यात मात्र जाऊ नका, पारा पंचेचाळिशी ओलांडतो. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत जातात. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाल्याने नागपूरही जवळ आलं. पुढे एसटी आहेच आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे.

आता हे सगळं का सांगते आहे? गडचिरोलीत सूरजागडला लोहखनिजाच्या खाणी सुरू आहेत. तिथल्या तरुणांना रोजगार हवा, यात वादच नाही. पण जंगल खोदल्याशिवाय पोट भरतच नाही, असं एकदा ठरलं की ते जंगल राहणार नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि बांबूतून गावाचं उत्पन्न उभं केलं. जंगल उभं ठेवूनही संसार चालतो, हे या गावाने दाखवलं. विणकरणीची साडी, बचत गटातल्या बाईच्या हातचं जेवण, गावातल्या मुलीने दाखवलेला पक्षी यांवर आपण खर्च केला, तर अशी आणखी गावं उभी राहतील. मोठ्या हॉटेलात दिलेले पैसे त्या बाईपर्यंत पोचतातच असं नाही.

फक्त पाहुण्यासारखं जा. माडिया-गोंडांची घरं प्रदर्शनात मांडलेली नाहीत. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आनंदवन किंवा हेमलकशाला जायचं असेल तर आधी कळवा, ती कामाची ठिकाणं आहेत. प्लास्टिक परत आणा. आणि मुलांना झाडीबोलीला हसू देऊ नका, तीही आपली मराठीच आहे.

या वर्षी नकाशा काढा, मुलांना वैनगंगेवर बोट ठेवायला सांगा आणि तिकिटं काढून टाका!