अक्षरं येतात, मग अडतं कुठं?



या सदरामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "मुलांना मराठीतलं कोणतं पुस्तक द्यावं?" विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे, तिशी-चाळिशीतले आईबाबा असतात. मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात आणि मराठी पुस्तक समोर ठेवलं की दुसऱ्या पानावर "बाद में पढ़ता हूँ" म्हणून पसार होतात. मग आपण ठरवून टाकतो, की यांना मराठी वाचता येत नाही.

मला हे पटत नाही. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी मुलाला 'अ'पासून सुरुवात करावी लागते. आपल्या भोपाळच्या मुलांना देवनागरी शाळेतच फुकटात मिळालेली असते. अडायचंच तर ती तीन ठिकाणी अडतात. पहिलं म्हणजे 'ळ'. दुसरं, 'चंद्र'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळा, हे कुणी सांगितलेलं नसतं. तिसरं, दिसायला सारखे पण अर्थानं फसवे शब्द. 'त्याला शिक्षा झाली' वाचून आपल्या मुलाला वाटतं, बरं झालं, शिकला! आणि 'खाली बस' म्हणजे हिंदीत चक्क रिकामी बस. या तिन्ही अडचणी आठवडाभरात हसतखेळत सुटतात. खरी अडचण अशी, की पुढचं पान उलटावंसं वाटेल असं काही आपण त्यांच्या हातात ठेवतच नाही. आपण देतो ती 'संस्कार' करणारी पुस्तकं, ज्यांच्या शेवटच्या पानावर बोध दबा धरून बसलेला असतो. मुलांना त्याचा वास लांबूनच येतो.

म्हणून या महिन्यात माझ्या आवडीनिवडी, वयानुसार आणि प्रकारानुसार. मतं माझी आहेत, भांडायला मोकळीक आहे.

अगदी लहानांसाठी

इथं मी माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरुवात करतो. 'राधाचं घर' या संचात घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक आहे, आणि चित्रंही त्यांचीच. राधा आपल्या माणसांबद्दल सांगते तेव्हा ती कौतुक करत नाही, निरीक्षण करते. मोठ्यांच्या खोडी मुलांना दिसतात, हे या बाईंना पक्कं माहीत आहे. वाक्यं इतकी बोलीतली आहेत की हिंदी माध्यमातलं मूलही अडखळत नाही. त्यांची 'यश'ची पुस्तकंही अशीच. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि २०१६ मध्ये पहिला 'बिग लिटल बुक अवॉर्ड'ही. थोड्या मोठ्या मुलांसाठी त्यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग घरात असावेत. मराठीतल्या चांगल्या लेखनाचे वेचे आणि सोबत उत्तम चित्रं, असा तो ऐवज आहे. सलग वाचायची सक्ती नाही, कुठलंही पान उघडा.

आणि 'चिंटू'ला कमी लेखू नका. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली. मोजक्या चौकटी, छोटे संवाद आणि शेवटी हशा. जे मूल पानभर मजकूर पाहून पळतं, ते चिंटूची वीस पानं एका बैठकीत संपवतं. आपण मराठीत वीस पानं वाचली, हे त्याला नंतर कळतं. तोवर काम झालेलं असतं.

आठ ते बारा

दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' मूळचा आकाशवाणीवरचा. म्हणूनच तो मोठ्यानं वाचायला फार गोड लागतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्या आईबाबांचा हिरो, २०१७ च्या सिनेमामुळे आजच्या मुलांनाही नावानं ठाऊक. मूळ पुस्तकं देताना एक लक्षात ठेवा. त्यातलं जग मोबाइलच्या आधीचं आहे आणि काही योगायोग आता भाबडे वाटतात. पण वेग अजून तसाच आहे. मुलांना जुनेपणाचा त्रास होत नाही, कंटाळ्याचा होतो. आणि फेणे कंटाळा येऊ देत नाही.

नव्यांपैकी दोन. संगीता बर्वे यांची 'पियूची वही', जिला २०२२ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. एक मुलगी वहीत आपल्या मनातलं लिहिते, एवढंच. पण ती वाचून मुलांना स्वतः वही घ्यावीशी वाटते, आणि लिहिणारं मूल आपोआप वाचायला लागतं. दुसरं, सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध', पुरस्कार २०१९ चा. आपण वाघांच्या शेजारी राहणारी माणसं. केरवा आणि कलियासोतकडे वाघ दिसल्याची बातमी आपल्याला नवी नाही. जंगलाच्या गोष्टी आपल्या मुलांना परक्या वाटायचं कारण नाही.

पुरस्कार म्हणजे हमी नव्हे, हेही सांगतो. पुरस्काराच्या यादीतलीही काही पुस्तकं मला शाळेच्या निबंधासारखी वाटली. पण दुकानात जाऊन चाळायची सोय नसली, की सुरुवात करायला ही यादी बरी पडते.

जादू आणि भुतं

आता एक अस्सल भोपाळी अभिमानाची गोष्ट. हॅरी पॉटर मराठीत आला तो आपल्या शहरातून. इथल्या मंजुल पब्लिशिंग हाऊसनं 'हॅरी पॉटर आणि परीस' प्रसिद्ध केलं, अनुवाद बाळ ऊर्ध्वरेषे यांचा. हिंदीत त्याच पुस्तकाचं नाव 'पारस पत्थर'. मराठीला एकच शब्द पुरला, 'परीस'. अनुवादाला नाक मुरडणारे खूप आहेत. मला उलट वाटतं, की मोठं मराठी पुस्तक पहिल्यांदा वाचायचं असेल तर गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. एखादा शब्द अडला तरी कथा अडत नाही, आणि शंभर पानं मागे पडली की भीती जाते.

भीतीवरून आठवलं. तुमच्या घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलांनी 'तुंबाड' नक्की पाहिला असेल. हिंदी सिनेमा, २०१८ चा. त्यांना सांगा, की त्याचं बीज नारायण धारप यांच्या कथेत आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आलं आहे. धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा-गूढकथा हा या वयाला मराठीत आणण्याचा माझ्या माहितीतला सगळ्यात खात्रीचा रस्ता आहे. कथा छोटी असते, शेवट धक्का देतो आणि रात्री दिवा घालवायचं धाडस होत नाही. अजून काय हवं? याहून लहानांसाठी भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' आहे, २०२४ च्या बालसाहित्य पुरस्काराचं. उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेला, मोठ्यांसाठी गंभीर कथा लिहिणारा लेखक मुलांसाठी भूतबंगला लिहितो, ही गोष्ट मला फार आवडली. मुलांसाठी लिहिणं म्हणजे खालच्या इयत्तेचं काम नव्हे, हे त्यातून दिसतं.

विज्ञानकथा

जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली होती. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांवर मोठ्या नावाचा दबाव नको. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. दहावीपुढच्या मुलांना त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह द्या, आणि मग 'वामन परत न आला'. बुद्धिमान यंत्र माणसाच्या ताब्यात राहील का, हा आज रोज बातम्यांत येणारा प्रश्न त्या कादंबरीत चाळीसेक वर्षांपूर्वी विचारलेला आहे. पात्रं थोडी सपाट आहेत, हे मान्य. पण कल्पना पक्की असली की मी पात्रांना माफ करतो.

मोठ्यांनी याच्या पुढची पायरी म्हणून नंदा खरे यांची 'उद्या' वाचावी. खरे स्वतः सिव्हिल इंजिनिअर. या कादंबरीला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. प्रत्येक माणसावर नजर ठेवणारी व्यवस्था सोयीच्या नावाखाली कशी उभी राहते, हे त्यांनी दाखवलं आहे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. माहिती कशी गोळा होते आणि कशी जोडली जाते, हे रोज पाहतो. त्यामुळे ही कादंबरी मला कल्पनेची वाटलीच नाही. वाचायला सोपी नाही, सुरुवातीची पानं धीरानं काढा.

आपल्यासाठी

कारण मुलांना पुस्तक देऊन आपण मोबाइलमध्ये डोकं घातलं, तर ते पुस्तक टिकत नाही. गेल्या काही वर्षांतल्या तीन कादंबऱ्या सुचवतो.

देविदास सौदागर यांची 'उसवण'. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. तयार कपड्यांच्या लाटेत एका शिंप्याचं दुकान आणि घर कसं उसवत जातं, याची ही छोटी कादंबरी. आपल्याही कॉलनीच्या कोपऱ्यावर असा एक टेलर होता. तो कधी दिसेनासा झाला, हे मला ही कादंबरी वाचेपर्यंत सुचलंही नव्हतं.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण', २०२३ चा अकादमी पुरस्कार. धरणामुळे उठवलेलं गाव, मागे राहिलेली जनावरं आणि त्यांना आणायला परत गेलेला माणूस. भाषा कोल्हापूरकडची, आपल्या कानाला जड. मोठ्यानं वाचलीत तर सोपी होते. आणि विषय? २००४ मध्ये इंदिरा सागरच्या पाण्याखाली गेलेलं खंडवा जिल्ह्यातलं हरसूद आठवा. मध्य प्रदेशातल्या वाचकाला ही गोष्ट महाराष्ट्राची वाटणारच नाही.

तिसरी, प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स', कॉलेजात असलेल्यांसाठी. प्रेम, व्यसन, भरकटणं, सगळं आजच्या भाषेत. मधला भाग मला लांबलेला वाटला. तरी आपल्या वयाची मुलं मराठीत अशीही बोलतात, हे इथल्या तरुणांनी वाचायला हवं. नाहीतर मराठी म्हणजे आजीची आणि गणेशोत्सवाची भाषा, असंच त्यांच्या डोक्यात राहील.

हिंदीशी भांडण नाही

कुणी म्हणेल, मग हिंदी वाचायचं नाही का? जरूर वाचा. एकलव्यचं 'चकमक' १९८५ पासून याच शहरातून निघतं, आणि मुलांचं इतकं मोकळं मासिक कुठल्याही भाषेत दुर्मीळच. मालती जोशी यांनी हिंदीत लिहिलं, पण त्यांच्या कथांतली घरं किती मराठी आहेत! मुक्तिबोध बंधूंपैकी गजानन हिंदीत लिहीत, शरच्चंद्र मराठीत. एकाच घरात दोन्ही नांदल्या. आपल्या प्रांतातल्या मराठी माणसाला ही दोन भाषांची श्रीमंती नेहमीच होती. आता भीती एवढीच आहे, की त्यातली एक फक्त स्वयंपाकघरात उरेल. जी भाषा नुसती बोलली जाते आणि वाचली जात नाही, तिच्यात "भूक लागली", "चल लवकर" एवढंच उरतं. मनातलं अवघड काही सांगायचं झालं, की मुलं दुसऱ्या भाषेत वळतात. आईबाबांशी बोलतानासुद्धा.

तेव्हा या महिन्याचा गृहपाठ. रोज रात्री दहा मिनिटं, एका मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ऐन रंगात आल्यावर थांबायचं. पुढचं काय झालं ते ज्याला हवं त्यानं स्वतः वाचावं. खर्चाची सबब नको. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पायऱ्यांनुसार लावलेली मराठी चित्रपुस्तकंही. गाडीत ऐकायला स्टोरीटेलवर मराठी कथा आहेत.

कुठल्या पुस्तकाशी तुमच्या मुलांचं जमलं आणि कुठलं त्यांनी दुसऱ्या पानावर टाकलं, दोन्ही कळवा. टाकलेल्या पुस्तकांची यादी जास्त कामाची असते. पुढच्या महिन्यात मुलांनी स्वतः केलेल्या शिफारशी छापायचा विचार आहे, मोठ्यांनी त्यात दुरुस्त्या करायच्या नाहीत.