परसदारी : पिल्लाचा रंग काय सांगतो?

पावसाळा ओसरला की आमच्या मांडव्याकडे घराघरांतल्या कोंबड्या पिल्लं घेऊन अंगणात उतरतात, आणि मग या सदराकडे येणारी पत्रंही पिल्लांचीच असतात. यावेळचा प्रश्न पेणच्या एका भगिनीचा आहे. त्या लिहितात, "दोन महिन्यांची दहा गावठी पिल्लं आहेत. त्यांतल्या चारांची पिसं निस्तेज दिसतात, पंखांवर पांढरट आडवे पट्टे आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, रंग गेला की पिल्लू गेलं. ही चार काढून टाकू का?"

नका हो काढू! काकूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. रंग तब्येतीबद्दल सांगतो खरा, पण तो आजचं सांगतो की मागचं, हे आधी ओळखायला हवं. गावठी अंड्यांचे चार पैसे ज्या घरात बाईच्या हाती येतात, तिथे दहांतली चार पिल्लं उगाच गमावणं परवडत नाही.

पीस म्हणजे मागचा हिशेब

अंड्यातून आलेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती मऊ लव असते. पहिल्याच आठवड्यात पंखांवर खरी पिसं फुटू लागतात आणि पाच-सहा आठवड्यांत बहुतेक अंग भरतं. पीस वाढत असतं तोवर त्याच्या मुळाशी रक्त खेळतं आणि तेव्हाच त्यात रंग भरला जातो. पूर्ण वाढलं की ते आपल्या नखासारखं निर्जीव होतं. मग ते मळेल, उन्हाने विटेल, तुटेल, पण आतून त्याचा रंग काही बदलत नाही. म्हणून पंखावर पट्टा दिसला तर समजावं, की ते पीस वाढत होतं त्या दिवसांत या पिल्लाला काहीतरी कमी पडलं.

काय कमी पडलं? बहुधा प्रथिनं. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनलेलं असतं. आपल्या भाताच्या मुलखात पिल्लांपुढे सकाळ-संध्याकाळ कण्या टाकायची रीत. कण्यांनी पोट भरतं, पण लायसिन नावाचा प्रथिनांतला एक आवश्यक घटक तांदळात कमी असतो. तो कमी पडला की रंगीत पक्ष्यांच्या पिसांत पांढरं उमटतं. लोह, तांबं आणि हिरव्या पाल्यातलं फॉलिक ॲसिड कमी पडलं तरी रंग फिका येतो. शिवाय दहा पिल्लांत दांडगी सहा आधी खातात आणि चार मागे राहतात. पेणच्या भगिनींची चार पिल्लं अशीच मागे राहिलेली असावीत. त्यांना आठ-पंधरा दिवस वेगळ्या टोपल्याखाली खाऊ घालून बघावं.

खाऊ घरचाच. कण्यांत भरडलेला पिवळा मका आणि शेंगदाण्याची पेंड मिसळा. शेवग्याचा पाला, माठाच्या किंवा कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरून टाका. सुका जवळा भरडून घाला, मात्र तो बिनमिठाचा हवा. खारवलेली मासळी पिल्लांना घालू नये, जास्त मिठाने पिल्लं दगावतात. आणि एक सांगून ठेवते, इतकं करूनही जुने पट्टे जाणार नाहीत. नवं पीस येईल ते चांगलं येईल. तेवढा धीर धरा.

आजची खबर तोंडावर आणि पायांवर

पिल्लू आज कसं आहे हे बघायचं तर पिसं बाजूला ठेवून तोंडाकडे पाहावं. लहानपणी तुरा छोटा आणि फिकट गुलाबीच असतो, त्याला घाबरू नका. पण डोळ्यांभोवतीची कातडी पांढरीफटक, पंख खाली सोडलेले, अंग फुगवून कोपऱ्यात उभं आणि विष्ठेत रक्त, एवढं दिसलं तर ती रक्ती हगवण. ओलसर खुराड्यात ती झपाट्याने पसरते. खाली घातलेला तूस बदला, पिल्लू वेगळं करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. इथे वाट बघण्यात अर्थ नाही.

पायांचा आणि चोचीचा पिवळेपणाही बघण्यासारखा असतो. हा पिवळा रंग पक्ष्याला अंगात तयार करता येत नाही, तो मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून यावा लागतो. आतड्यांत जंत किंवा रक्ती हगवण असली तर खाल्लेला रंग अंगी लागत नाही, पाय फिके पडतात. मात्र गावठीत काहींचे पाय जन्मतःच करडे किंवा पांढरे असतात. म्हणून पिल्लाची तुलना त्याच्या भावंडांशी करावी, शेजारणीच्या पिल्लांशी नव्हे!

प्रत्येक रंगबदल आजार नसतो

पिवळ्या लवेचं पिल्लू मोठेपणी पांढरंशुभ्र होतं, पाठीवर पट्टे असलेलं तपकिरी होतं. लव जाऊन पिसं येताना पंधरा-वीस दिवस ते अगदी ध्यान दिसतं. तो वयाचा गुण. कडकनाथाचा तुरा आणि पाय काळपट असतात, ती जात. अंड्यावर आलेल्या कोंबडीचे पाय हळूहळू पांढरे पडतात, कारण तिचा पिवळा रंग बलकात उतरत असतो. ती आजारी नाही, कामाला लागली आहे!

रानातही असंच. आमच्या मांडव्यापासून जवळच असलेल्या किहीमला सलीम अली यांनी 1930 साली सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. ऐन पावसाळ्यात खोपे विणणारा नर पिवळाधमक दिसतो. त्याची पिल्लं मात्र आईसारखीच मातकट, चिमणीसारखी. त्यांना कुणी रोगट म्हणेल का?

बाजारातली गुलाबी पिल्लं

आता ज्या रंगासाठी मुलं आपला पदर ओढतात, त्याबद्दल. जत्रेत, आठवडी बाजारात टोपलीभर गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं येतात. मी शाळेत शिकवते. जत्रेनंतरच्या सोमवारी वर्गात कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी असतं, ते या पिल्लांपायी. अंड्यांच्या जातीचे नर ना अंडी देतात, ना लवकर मांस धरतात, म्हणून उबवणी केंद्रांना ते नको असतात. त्यांतलेच कित्येक रंगात बुडवून किंवा रंग फवारून बाजारात येतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. लव ओली झाली की ती ऊब जाते. वर हाताळणी, उपास, ऊन. शिवाय पिवळी लव मळलेली दिसली, गुदाशी विष्ठा चिकटलेली दिसली तर आपण सावध होतो. रंगाखाली तेही झाकून जातं. म्हणजे जो रंग आपल्याला टवटवीत वाटतो, तोच आजार लपवतो.

मुलाला समजवायला एक गोष्ट सांगते. आपल्याकडे तळ्यावर वारकरी नावाचा काळा पाणपक्षी असतो, कपाळ पांढरं. त्याच्या अमेरिकेतल्या भाईबंदांच्या पिल्लांच्या अंगावर नारिंगी टोकांची पिसं असतात. ब्रूस लायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पिल्लांची ही टोकं कापून पाहिली, तर आईबाप रंगीत पिल्लांनाच जास्त भरवू लागले. हे संशोधन 1994 साली प्रसिद्ध झालं. पुढे लायन आणि शिझुका यांनी 2020 मध्ये दाखवलं, की सर्वांत उशिरा फुटलेली, म्हणजे लहानगी पिल्लंच जास्त रंगीत असतात. तिथे भडक रंग दांडग्याचा नाही, धाकट्याचा आहे. रंग बघून "हे सुदृढ" म्हणणं तिथेही चुकलंच असतं.

तेव्हा पिल्लू हवंच असेल, तर न रंगवलेलं घ्या. पहिल्या आठवड्यातली मानमोडीची लस दिली आहे का, विचारा. आणि पिल्लाला हात लावला की मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

हा रंग मात्र धोक्याचा

तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं आणि खुराड्यात पटापट कोंबड्या मरू लागल्या, तर घरगुती उपाय नको. फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्या राज्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला. जानेवारी 2025 मध्ये तो आपल्याच जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला घरगुती कोंबड्यांत आढळला. अशा वेळी मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, कापू नका, खाडीत टाकू नका, नुकसानीच्या भीतीने घाईने विकू तर मुळीच नका. मुलांना दूर ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर कळवा.

एरवी रोजचं काम सोपं आहे. संध्याकाळी खुराडं लावताना बॅटरी घेऊन पाच मिनिटं बसा. एकेक पिल्लू हाती घ्या. डोळे उघडे आहेत ना, गळ्यातली पिशवी दाण्याने भरली आहे ना, गुद कोरडं आहे ना, पंखाखाली उवा-पिसवा नाहीत ना, हे बघा आणि मग पिसांचा रंग बघा. रंग सगळ्यांत शेवटी.